न कुरकुरणारा पाय

“कुरकुरतो का?”

केळुसकर सरांनी एवढंच विचारलं. श्रीरंगचं सांगणं अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं.

तो थबकला. पुण्याहून कोकणातल्या या वाडीपर्यंत येताना त्याने बरीच उत्तरं मनात घोळवून ठेवली होती. धागे कसे विणले, रेझिन कोणतं घेतलं, भट्टीत किती भाजलं. हा प्रश्न त्यात नव्हता.

“काय कुरकुरतो का, सर?”

“पाय.”

पाय झोपाळ्यावर बसलेल्या सरांच्या मांडीवर होता. पायासारखा न दिसणारा पाय. काळं, चकचकीत, विळ्यासारखं वाकलेलं एक पातं. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाने ते बांधायचं आणि चालू लागायचं.

“नाही सर!” श्रीरंग खुलला. “अजिबात नाही. कितीही भार टाका, एक आवाज येणार नाही.”

“अरेरे,” सर म्हणाले.

आणि झोपाळ्याला पायाने हलकेच रेटा दिला.

कुर्र… कुर्र… कुर्र…

डॉ. श्रीरंग हुद्दार हे काही ऐरंगैरं नाव नव्हतं. पॉलिमर कॉम्पोझिटच्या क्षेत्रात ते परदेशातही घेतलं जाई. पण या ओटीवर तो केळुसकर सरांचा विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याची छाती कितीही फुगली तरी एका ‘अरेरे’ने तिच्यातली हवा जाते.

सरांची ही खोड त्याला ठाऊक नव्हती असं नाही. माणसाच्या अंगाला लागणारी कुठलीही वस्तू प्रयोगशाळेतून बाहेर जायची असली, की सर तिच्यावर भार टाकायचे आणि यंत्राचा आकडा बघायच्या आधी तिला कान लावायचे. डोळे मिटून. मुलं पाठीमागे हसत. सरांना वस्तूंच्या पोटातलं ऐकू येतं म्हणत. श्रीरंग त्या हसण्यात पुढे होता.

“सर, तुम्ही माझा शोध नीट ऐकून तर घ्या.”

“सांग.”

“तुम्ही आम्हाला पहिल्या तासाला मातीची भिंत दाखवली होती. आत भाताचं काड. काड ओढ सोसतं, माती काडाला धरून ठेवते. इथे काडाच्या जागी कार्बनचा धागा, मातीच्या जागी रेझिन. आजवर सगळ्यांचं दुखणं एकच होतं. ताण वाढला की धागा रेझिनमधून सुटतो, सरकतो. मी धाग्यालाच असा लेप दिला की रेझिनची पकड सुटूच नये. धागा तुटेल, पण सुटणार नाही!”

हे शेवटचं वाक्य तो सभांमधून म्हणत असे. तिथे टाळ्या पडत.

कुर्र… कुर्र…

“शिवाय यात जाणीव आहे, सर. आत एक थर असा आहे की तडा गेला रे गेला, घोट्याजवळचा हा दिवा लाल होतो. नुसता पाय नाही हा. कळणारा पाय आहे.”

“कुणाला देणार?”

“दिलाय. दीड महिना झाला. तो बघा.”

ओटीच्या पायरीवर एक माणूस मुकाट बसला होता. उन्हाने रापलेला, मोठ्या डोळ्यांचा, खांद्यापर्यंत केस. लवू मेस्त्री. दशावतारातला नावाजलेला राक्षस. टेम्पोखाली पाय गेला आणि राक्षसावर घरात चूल फुंकायची पाळी आली. त्याच्या पायाला सरांच्या मांडीवरच्या पायाचा जुळा भाऊ बांधलेला होता.

परवा त्याच्या गावची जत्रा होती. परवा तो पुन्हा राक्षस होणार होता. ओरडत, प्रेक्षकांतून वाट काढत, उड्या मारत. पुण्याहून चार वर्तमानपत्रांची माणसं यायची होती. ती उडी एकदा छापून आली, की असे पाय कारखान्यात बनू लागणार होते.

“तुम्ही चला सर जत्रेला. तुमचा हात पाठीवर पडला म्हणजे झालं.”

सरांनी पायाने पुन्हा रेटा दिला. झोपाळा तेवढा बोलत राहिला.

श्रीरंगला तो आवाज विद्यार्थीदशेतही आवडत नसे. आज तर डोक्यात जात होता. कोनाड्यात खोबरेलाची बाटली दिसली. तो उठला, स्टुलावर चढला आणि चारही कड्यांना त्याने मनसोक्त तेल पाजलं. हाताला लागलेलं उरलंसुरलं डोक्याला पुसलं.

झोपाळा गप्प झाला.

“घ्या सर. एवढंच तर होतं.”

सरांनी एक झोका घेतला. दुसरा घेतला. मग झोपाळा थांबवला, हळूच उतरले आणि खाली जमिनीवर बसले. गुडघे धरून, कण्हत.

“काय झालं, सर?”

“आता ती बोलत नाही.”

“कोण?”

“कडी.” सरांनी झोपाळ्याकडे हात केला. “तू बस.”

श्रीरंग हसत झोपाळ्यावर बसला. एक झोका गेला. छान गेला. दुसऱ्या झोक्याला त्याने वर बघितलं. कडी जुनी होती. तुळईतला आकडा तर त्याहून जुना.

“सर… हा आकडा कधी बघितला होता शेवटचा?”

“कधीच नाही.”

“म्हणजे?”

“गरज नव्हती. काही झालं असतं तर तिने सांगितलं असतं.”

श्रीरंगने पाय टेकले. मग उगीच काहीतरी निमित्त काढून तोही खाली येऊन बसला. सर बघत होते, पण हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“पण माझ्या पायात दिवा आहे ना, सर!”

“तो कधी लागतो?”

“तडा गेला की.”

“आणि तडा गेल्यावर पाय मोडायला किती वेळ?”

श्रीरंगने घोट्याजवळच्या दिव्याकडे पाहिलं.

“उडी मारलेला राक्षस घोट्याकडे बघतो का रे?” सरांनी मऊ आवाजात विचारलं. “मोडलेला तुकडा आणलायस?”

आणला होता. सभेत दाखवायला नेहमी जवळ असायचा. केवढा भार घेऊन मोडला, हे सांगताना तो हातात धरायचा असतो. सरांनी मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड साफ होती. सुरीने भोपळा कापावा तशी.

सर उठले. कपाटातून त्यांनी जुन्या रुमालात बांधलेलं काहीतरी आणलं आणि श्रीरंगच्या हातात दिलं.

त्याने रुमाल सोडला आणि त्याचे कान तापले. त्याचा पहिलावहिला तुकडा! मोडलेल्या टोकाला धागे असे पिंजारून बाहेर आलेले की सगळा वर्ग त्याला केरसुणी म्हणायचा. त्या केरसुणीपायी त्याने दोन दिवस तोंड लपवलं होतं. पुढे जे काही केलं, ते पुन्हा कधी आपल्या हातून केरसुणी निघू नये म्हणून केलं होतं.

“सर, हे तुम्ही जपून ठेवलंत?”

“ही मोडायला किती वेळ लागला होता, आठवतं?”

आठवत होतं. विसरण्यासारखं नव्हतंच. यंत्रात घातल्यापासून ती कुरकुरत होती. आधी बारीक, मग मोठ्याने. एकेक धागा रेझिनमधून सुटत होता, सरकत होता, दुसऱ्यावर भार देत होता. मोडली म्हणून यंत्र थांबवावं, तर बया अजून लोंबकळतेच आहे.

“सगळी दुपार,” तो पुटपुटला.

“तेवढ्या दुपारभरात माणूस खाली बसला असता.”

…

अंगणात माडाची एक झावळी पडली. दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

“लवू,” सरांनी हाक मारली, “वायच हय ये रे.”

लवू आला. सर म्हणाले, “उभो रव. ह्या पायार भार दी. आता त्या पायार.” आणि ते खाली वाकले. पंचाहत्तरी उलटलेला तो माणूस जमिनीवर आडवा झाला आणि त्याने लवूच्या काळ्या पात्याला कान लावला.

लवू दोन पावलं मागेच सरला. “काय करतास, सायबांनू! माझ्या पायाक कान लावतास? माका पाप लागात!”

“हल नको. दी भार.”

लवूने भार दिला. सरांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच पडून होते. श्रीरंगला वाटलं, आत्ता म्हणतील, वा. इतकी वर्षं त्याने त्या एका ‘वा’ची वाट पाहिली होती.

“शांत आहे,” सर उठत म्हणाले. “पाय पण. वरचा माणूस पण.”

“तेच तर सांगतोय, सर. दीड महिन्यात याने ब्र काढला नाही. एक तक्रार नाही! विचारा त्याला.”

“काय रे लवू, पाय कसो आसा?”

“एक नंबर, सायबांनू.”

“दुखता?”

लवूने श्रीरंगकडे बघितलं. “दुखणा नाय.”

सरांनी ते बघणं बघितलं. त्यांनी श्रीरंगला खूण केली. “तू पाठ कर.”

“काय?”

“त्या भिंतीकडे तोंड कर आणि उभा राहा.”

शाळेतल्या उनाड पोरासारखा पुण्यातल्या संशोधन संस्थेचा संचालक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर सरांच्या दिवंगत पत्नीचा फोटो होता, आणि त्यासुद्धा त्याच्याकडे बघून हसत होत्या. मागे सर लवूशी आपल्या गुडघ्याच्या गोष्टी करायला लागले. मेलो रात्री झोपूक देणा नाय. उठताना शिव्या घालता, बसताना शिव्या घालता. लवू हसला. 

“आणि तुझो?” सरांनी विचारलं.

…

“दुखता,” लवू म्हणाला.

“खय?”

“उतरणीक. पाय टेकलो की हाडाक ठोसो बसता. जरापण लवणा नाय तो. कधी कधी रगात येता.”

श्रीरंग गर्रकन वळला. लवूने पट्टा सोडला होता. आतला मोजा कातडीला चिकटला होता आणि सुटत नव्हता. तांबडा, काळपट.

“लवू! अरे, मग सांगितलं का नाहीस?”

तो ओरडलाच. लवू एवढासा झाला. राक्षसाची भूमिका करणारा तो धिप्पाड माणूस मान खाली घालून बसला.

“खयच्या तोंडान सांगू, सायबांनू? तुमी फुकट दिलात. धर्माच्या गायीक दात कित्याक नाय म्हणान कोणी इचारूचा? पयल्या दिसाक मी बोललंय वायच. तुमी म्हणालात, सवय होतली. आणि तुमचा तोंड असा उतरला… मगे नाय बोललंय.”

श्रीरंगला तो दिवस आठवला. खरंच तसं झालं होतं. दुखतंय म्हटल्यावर त्याला लवूच्या पायाचं नाही, आपल्या पायाचं वाईट वाटलं होतं. आता त्याला लाज वाटली. अंगभर वाटली. दीड महिना हा माणूस मूग गिळून रक्ताळत्या पायाने चालत होता, आणि आपण लोकांना सांगत होतो, एक तक्रार नाही!

तो खाली बसला. सरांनी पाण्याचं तांब्याभांडं पुढे सरकवलं. श्रीरंगने मोज्यावर थेंब थेंब पाणी सोडलं, तो भिजू दिला आणि सावकाश सोडवला. लवूने दातावर दात धरले होते. तो काळा पाय श्रीरंगने बाजूला ठेवला तेव्हा लवूने पटकन तो हाताने दाबून धरला.

“काढून घेव नकात, सायबांनू.” त्याने पकड आणखी घट्ट केली. “परवा जत्रा. मी बोललंय म्हणान काढून घेव नकात. ह्याच भयान मी इतके दिस बोलूक नाय.”

 श्रीरंगने सरांकडे पाहिलं. सर माडाकडे बघत होते.

पाय ठेवावा तर परवा, भरल्या जत्रेत, वरून येणाऱ्या माणसाखाली तो साफ मोडणार. कदाचित परवा नाही, पुढल्या जत्रेत. पण मोडणार, आणि सांगून मोडणार नाही. काढून घ्यावा तर हा माणूस जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही.

“लवू,” तो म्हणाला, “हा पाय चुकला आहे. तू नाही चुकलास, मी चुकलो. दुसरा करीन. तो बनताना तू माझ्या शेजारी बसायचंस. आणि… अजून काय काय दुखतं?”

लवूने काळ्या पायावरचा हात सोडला नाही.

“अजून काय?”

लवूने एकदा सरांकडे बघितलं, एकदा श्रीरंगकडे. मग हळूहळू सुरू झाला.

“आयकतास तर आयका. हो पट्टो. मांडयेक काचता. घाम इलो की पाय बसता ती वरची वाटी घसारता, मगे धरान चलाचा लागता. आणि तो दिवो! दुकानात गेलंय की पोरां इचारतत, लवूकाका, बॅटरी खयची घातलास? देवळात जाताना पाय भायर काढूचो की घालून जावचा, ह्यां कोणी माका सांगूक नाय. पुजारी वेगळा सांगता, बायल वेगळा सांगता. आणि तुमी फोटो काढतास तेवा म्हणतास, हस लवू, हस. दुखणाऱ्या पायार हसूक मी काय खुळो?”

आवाज चढत चढत गेला. शेवटी तर राक्षसाच्या पट्टीत लागला. वाडीतली दोन कुत्री भुंकू लागली. सर डोळे मिटून, कानामागे हात धरून ऐकत होते. गाण्याच्या बैठकीत चांगली जागा आली की चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

एकदम लवूच्या ध्यानात आलं आपण काय करतोय ते. तो दचकून थांबला.

श्रीरंग मान खाली घालून ऐकत होता. त्याने विचारलं,

“अजून?”

लवूने विचार केला.

“वायच पाणी होया.”

श्रीरंगने पाणी ओतून दिलं. लवू एका दमात प्यायला. मग बाजूच्या काळ्या पायावरचा त्याचा हात आपोआप निघाला.

“पण जत्रेचा काय?” तो म्हणाला. “घराकडे जुनो रबराचो पाय आसा, हास्पिटलातलो. त्येच्यार उडी मारूक जमाची नाय. नुसता चलूक येता. आणि तोय चलताना करकरता. राक्षस चलत इलो तर लोक हसतले.”

“चालत येणाऱ्या राक्षसाची जास्त भीती वाटते,” सर म्हणाले.

लवू त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्याने उगीचच मान तिरपी केली, भुवया चढवल्या. मनातल्या मनात तो देवळाच्या मागून येत होता. अंधारातून. एकेक पाऊल.

“करर्… करर्…” तो हळूच म्हणाला. “दिसूच्या आधी आयकूक येतलो!”

आणि तो हसला. या खेपेला कोणी हस म्हणालं नव्हतं.

उन्हं कलली. श्रीरंगने वर्तमानपत्रांना फोन करून, उडी नाही, असं सांगून टाकलं.  सभेत दाखवायचा साफ मोडलेला तुकडा त्याने पिशवीच्या तळाशी टाकला आणि केरसुणी हातात घेऊन बसला. पिंजारलेल्या एकेका धाग्यावरून बोट फिरवत.

धाग्याने धरायलाही हवं आणि वेळ आली की सुटायलाही हवं. सगळेच सुटले तर पाय उभा राहणार नाही. एकही सुटला नाही तर बोलणार नाही. या दोहोंच्या मधली जागा कोणत्या पुस्तकात होती? त्याने तर सगळी पुस्तकं वाचली होती, त्यातली दोन लिहिलीही होती.

“सर,” शेवटी त्याने विचारलं, “मग पकड किती ढिली ठेवू?”

 सर गुडघ्यावर हात देऊन उठले, झोपाळ्यापाशी गेले. बसले मात्र नाहीत. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी श्रीरंगच्या हातात दिला आणि वर कड्यांकडे बोट दाखवलं.

“आधी ते तेल पूस.”